जलपरीक्षेतील जीव आणि अहिंसेचा प्रश्न

पाण्यात विष आहे की नाही, हे दोन रीतींनी ठरवता येते. पाण्यात कोणती रसायने किती आहेत ते मोजायचे, ही एक रीत. त्या पाण्यात जिवंत प्राणी ठेवून त्याचे काय होते ते पाहायचे, ही दुसरी. या दुसऱ्या रीतीला जैविक चाचणी म्हणतात. मासे, डाफ्निया हे तीळभर आकाराचे कवचधारी जलचर, शिंपले, शेवाळ आणि जीवाणू यांच्यावर ती केली जाते. ते मेले, हलेनासे झाले, त्यांची वाढ खुंटली किंवा वीण थांबली, तर पाण्यात दोष आहे असे धरतात. माणसाला चांगले पाणी मिळावे म्हणून दुसऱ्या जिवाला जाणूनबुजून विषाच्या पाण्यात सोडणे धर्माला धरून आहे का, हा प्रश्न या पद्धतीला पहिल्यापासून चिकटलेला आहे. ज्या परंपरांनी अहिंसेला परम धर्म मानले, त्यांना तो टाळता येत नाही.

आधी चाचणीची गरज किती खरी आहे ते पाहिले पाहिजे. गरज नसेल तर पुढचा विचार करण्याचे कारणच उरत नाही. रासायनिक तपासणीची मर्यादा अशी की, जे शोधायला सांगितले असेल तेच ती शोधते. प्रयोगशाळेकडे शिसे, पारा, आर्सेनिक, ठरावीक कीटकनाशके यांची यादी असते. यादीबाहेरचे रसायन पाण्यात असले तरी अहवालात येत नाही. शिवाय दहा रसायने प्रत्येकी मर्यादेच्या आत असूनही एकत्र आल्यावर घातक ठरू शकतात. आकड्यांच्या रकान्यांत ही बेरीज दिसत नाही. जिवंत शरीर मात्र यादी पाहत नाही. जे पाण्यात आहे ते सगळे त्याला एकदम भोगावे लागते.

अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या परिसरातील ओढ्यांत घडलेला प्रकार याचे ठळक उदाहरण आहे. समुद्रातून अंडी घालण्यासाठी परतणारे कोहो जातीचे सॅमन मासे पाऊस पडून गेल्यावर अंडी घालण्याआधीच तडफडून मरत. पाण्यातील ज्ञात विषे मोजली, तरी उलगडा होईना. शास्त्रज्ञांनी रस्त्यांवरून वाहून आलेले पाणी घेतले, त्यातील घटक टप्प्याटप्प्याने वेगळे केले आणि प्रत्येक टप्प्यावर कोणत्या भागात मासे मरतात ते पाहिले. काही दशकांचे हे कोडे २०२० च्या अखेरीस सुटले. मोटारींच्या टायरमध्ये रबर टिकावे म्हणून घातलेल्या रसायनाची हवेतील ओझोनशी क्रिया होऊन ६पीपीडी-क्विनोन नावाचा पदार्थ तयार होतो, आणि तोच या माशांचा काळ होता. तोवर तो कोणत्याही यादीत नव्हता. माशांच्या मरणावाचून तो सापडला असता असे म्हणणे कठीण आहे.

याच प्रकरणात जैविक चाचणीची दुसरी बाजूही दिसते. कोहोचाच भाऊबंद असलेला चम सॅमन त्याच पाण्यात तगतो. चाचणीसाठी चम निवडला असता, तर पाणी निर्दोष ठरले असते. त्यामुळे एका जातीच्या प्राण्याला काही झाले नाही, यावरून पाणी सर्वांना सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही. मेलेला मासाही नेमके काय झाले ते सांगत नाही. पाण्यातला प्राणवायू संपला तरी मासे मरतात, आणि मळी किंवा सांडपाणी नदीत सोडल्यावर बहुधा हेच घडते. म्हणून चाचणीच्या टाकीत प्राणवायू पुरेसा राहील याची काळजी घ्यावी लागते. नाहीतर गुदमरणे आणि विषबाधा यांची गल्लत होते.

प्राण्यांवरून विष ओळखण्याची कल्पना भारताला नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात शत्रूने दूषित केलेल्या पाण्याची लक्षणे दिली आहेत. असे पाणी बुळबुळीत, उग्र वासाचे, फेसाळ आणि रेषा उमटलेले असते, त्यातले मासे व बेडूक मरतात आणि काठचे पक्षी झिंगल्यासारखे भटकतात, असे तेथे म्हटले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजवाड्यात पक्षी पाळण्याची सूचना आहे. विष जवळ आले की क्रौंच मातल्यासारखा होतो, कोकीळ मरतो, चकोराचे डोळे रंग बदलतात, अशी त्यामागची समजूत. यांतील किती गोष्टी खऱ्या ठरतील हा भाग वेगळा. कालियाच्या डोहावरून उडणारे पक्षी पाण्यात पडून मरत, हा भागवतातला तपशीलही याच जातीचा आहे.

सुश्रुत आणि कौटिल्य यांच्यात मात्र नीतीच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. सुश्रुताचा वैद्य मेलेला मासा पाहतो. त्याने तो मारलेला नाही. कौटिल्याचा राजा पक्षी पाळतो तो त्याने आधी मरावे किंवा मूर्च्छित व्हावे म्हणूनच. आधुनिक चाचणी आणखी एक पाऊल पुढे जाते, कारण तिच्यात मरण हेच मोजमाप असते. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, माशांवरील तीव्र विषबाधा चाचणीत साधारणपणे रसायनाच्या पाच वेगवेगळ्या मात्रा आणि एक साधे पाणी अशा टाक्या लावतात. प्रत्येक टाकीत किमान सात मासे असतात आणि ते ९६ तास पाहायचे असतात. किती मात्रेला निम्मे मासे मरतात, तो आकडा काढायचा असतो. एकही मासा मेला नाही, तर हा आकडा निघत नाही.

जैन आचारशास्त्रात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार केले आहेत. ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होणारी ती आरंभी, शेती-व्यापारासारख्या उपजीविकेत होणारी ती उद्योगी आणि आक्रमकाला रोखताना होणारी ती विरोधी. गृहस्थाला पहिली पूर्णपणे वर्ज्य आहे. बाकीच्या तिन्ही कमीत कमी कराव्यात, पण संसारात त्या अटळ आहेत, असे मानले जाते. जैविक चाचणी यांत कोठे बसते? तिला विरोधी म्हणणे ओढूनताणून होईल, कारण विष माणसाने सोडलेले असते आणि मासा कोणावर चालून आलेला नसतो. उद्योगी म्हणावे, तर त्या प्रकारात मरण हा कामाचा अनिच्छित परिणाम असतो. नांगराखाली किडा चिरडला जातो, पण किडा चिरडला नाही म्हणून नांगरणी फसत नाही. निम्मे मासे मरण्याची मात्रा काढणारी चाचणी मात्र माशांच्या मरणावाचून फसते. ती संकल्पीच्या कक्षेत जाते, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर दिसत नाही.

सगळ्या जैविक चाचण्यांना मात्र हे लागू होत नाही. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार कारखान्याच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात, एक थेंबही साधे पाणी न मिसळता, माशांना ९६ तास ठेवले असता किमान ९० टक्के मासे जगले पाहिजेत. येथे मासे जगावेत हीच अपेक्षा असते. सगळे जगले तर चाचणी यशस्वी आणि कारखानाही उत्तीर्ण. म्हणून भारतीय नियमातील ही चाचणी उद्योगी हिंसेच्या जवळची ठरते. वरवर दोन्हींत टाकी, मासे आणि ९६ तास तेच असतात. फरक फक्त मरणाकडे पाहण्याच्या हेतूचा असतो. ज्यांच्या मते हेतूने काहीच फरक पडत नाही, त्यांना हा भेद पोकळ वाटेल. भारतीय श्रमण परंपरांनी मात्र तो फार बारकाईने जपला आहे.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, घातला आहे. प्राण जाणे एवढ्यानेच हिंसा पूर्ण होत नाही. त्यामागे बेफिकीर मन असावे लागते. बौद्ध विनयात भिक्खूने जीव असलेले पाणी वापरू नये असा नियम आहे, आणि दोष लागतो तो पाण्यात जीव आहेत हे ठाऊक असताना वापरल्यास. यातून सोयीची पळवाट निघाली असती: पाहिलेच नाही, तर ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही, तर दोष नाही. ती बंद करण्याचे काम पाणी गाळण्याच्या फडक्याने केले. भिक्खूच्या आठ परिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगण्याच्या वस्तूंत, चीवर आणि भिक्षापात्राबरोबर गाळणेही येते. न पाहण्याची सवलत मिळू नये, म्हणून पाहण्याचे साधन जवळ बाळगणे हाच नियम झाला.

जलप्रदूषणाला हा विचार लावला की चित्र पालटते. नदीत रसायन सोडणाऱ्याला मासे मारायचे नसतात. त्याला पैसे वाचवायचे असतात, आणि मासे मरतात ते प्रमादाने. त्याच्या पाण्यात चाचणीचे दहा मासे मेले, निकाल त्याच्या हाती आला आणि तरीही त्याने तेच पाणी सोडले, तर त्या क्षणापासून नदीतले मरण प्रमादाचे राहत नाही. ते ठरवून केलेले होते. म्हणजे टाकीतल्या थोड्या हिंसेमुळे नदीतल्या अफाट हिंसेचे स्वरूप बदलते. चाचणीचे समर्थन करायचे तर ते येथेच सापडते, आणि तिच्यावरचा सर्वांत कडक आक्षेपही येथेच निघतो. ज्या चाचणीच्या निकालावर काहीच अवलंबून नसते, परवान्याच्या फाइलीत कागद लागावा एवढ्यासाठीच जी केली जाते, तिच्यातले मासे कोणत्याही परंपरेच्या हिशेबात निव्वळ वाया गेलेले असतात.

कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. पंचगंगेत आणि कृष्णेत मेलेल्या माशांचा खच दिसल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत पुनःपुन्हा आल्या आहेत. हाच भाग दिगंबर जैन शेतकऱ्यांच्या जुन्या वस्तीचा आहे. पाणी गाळून प्यायचे आणि गाळलेले जीव ज्या विहिरीतून वा नदीतून पाणी आणले तिथेच परत सोडायचे, ही जैन घरांतील जुनी रीत. तिला जीवाणी म्हणतात. जीव वाचवायचा तर त्याला त्याच्याच पाण्यात पोचवले पाहिजे, ही त्यामागची समज. ज्या नदीत तो परत जाणार तीच विषारी असेल तर काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर गाळण्यापाशी नाही.

वैदिक गृहस्थधर्म वेगळ्या वाटेने जातो. स्मृतींनी घरातल्या पाच जागांना वधस्थाने म्हटले आहे: चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. पिण्याचे पाणी भरून ठेवण्यातही जीव जातात, हे तेथे सरळ मान्य केलेले आहे. त्यावर उपाय म्हणून पाणी सोडायला सांगितलेले नाही. रोज पंचमहायज्ञ करून ते ऋण फेडायचे, आणि त्यांतल्या भूतयज्ञात इतर जिवांचा वाटा काढून ठेवायचा. या चौकटीत चाचणीचा प्रश्न ‘करावी की न करावी’ असा राहत नाही. परतफेड कोणाला, असा तो होतो. जलचराकडून घेतले असेल, तर फेड जलचराला पोचली पाहिजे.

ही कसोटी पाणीपुरवठ्याला लावली, तर अवघड निष्कर्ष निघतो. पोलंडमध्ये वॉर्सा शहराला विस्तुला नदीतून पाणी पुरवणाऱ्या केंद्रात आठ शिंपले पहाऱ्याला ठेवलेले असतात. त्यांच्या कवचांची उघडझाप संवेदकांनी नोंदली जाते. पाण्यात काही घातक आले की शिंपला कवच घट्ट मिटतो. चार शिंपले एकाच वेळी मिटले की नदीचे पाणी घेणे आपोआप थांबते. शिंपले साधारण तीन महिने काम करतात. नंतर ते त्या पाण्याला सरावतात, म्हणून त्यांना पुन्हा निसर्गात सोडतात. येथे कोणी मारले जात नाही, मापले जाते ते केवळ शिंपल्याचे स्वसंरक्षण. जैन वर्गीकरणात शिंपला द्वींद्रिय, म्हणजे स्पर्श आणि चव एवढीच इंद्रिये असलेला. त्यामुळे दोषही खालच्या पायरीचा. एवढे सगळे जमले तरी बंद होतो तो नळ. विष नदीतून पुढे वाहतच राहते, आणि नदीतल्या शिंपल्यांना त्या पहाऱ्याचा काही लाभ होत नाही. ऱ्हाईन नदीवर असे पहारे रासायनिक दुर्घटनेनंतर वाढले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. ती विझवताना कीटकनाशके नदीत वाहून गेली आणि सुमारे दीड लाख ईल मासे मेले. तिथे मात्र पहाऱ्याबरोबर नदीच सुधारण्याचा कार्यक्रम १९८७ मध्ये हाती घेण्यात आला. भूतयज्ञाच्या हिशेबात ऱ्हाईनची फेड वॉर्साच्या यंत्रणेहून जास्त पूर्ण आहे.

इंद्रियांच्या संख्येवरून जिवांची उतरंड लावणे आधुनिक वाचकाला जुनाट वाटू शकते, पण आजचे कायदेही उतरंडच लावतात. फक्त माप वेगळे. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशात पृष्ठवंशी प्राणी आणि ऑक्टोपसच्या कुळातले प्राणी यांना संरक्षण आहे, डाफ्निया आणि शिंपल्यांना नाही. माशांच्या पिलांना ते स्वतः खाऊ लागल्यानंतर मिळते. झेब्राफिशच्या बाबतीत ही सीमा फलनानंतर पाच दिवसांची धरतात. हा मासा मूळचा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, आज जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलेला. अशीच सीमा मानून जर्मनीने या निर्देशाच्याही आधी, २००५ पासून, सांडपाण्याच्या तपासणीत मोठ्या माशांऐवजी माशांची अंडी वापरायला सुरुवात केली. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राणिप्रयोगांसाठी मांडलेल्या तत्त्वांत पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि वेदना कमी करणे या तीन गोष्टी आहेत. त्यांच्या दृष्टीने हा बदल स्वच्छ यश मानला जातो.

जैन दृष्टीला ही सीमा दिसतच नाही. तिच्या मते जीव अंड्यात आधीपासूनच असतो. इंद्रिये व्यक्त व्हायची असली, तरी तो पंचेंद्रिय जातीतलाच असतो, आणि तो स्वतः खाऊ लागतो की नाही याने त्याचा दर्जा ठरत नाही. युरोपीय कायद्याच्या मुळाशी वेदना आहे, आणि वेदनेसाठी मज्जासंस्था पुरेशी घडलेली असावी लागते. जेरेमी बेंथमने १७८९ मध्ये प्राणी विचार करतात का, यापेक्षा ते दुःख भोगतात का, याला महत्त्व दिले. त्याचाच हा वारसा. जैन विचारात मात्र प्राण हरण करणे हेच मूळ आहे, आणि वेदना त्याचा केवळ एक भाग. माशांना वेदना होतात की नाही हेही वादातीत नाही. लिन स्नेडन यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या डोक्यात वेदनाग्राही मज्जातंतू दाखवले. उलट ब्रायन की यांच्या मते माशाच्या मेंदूत वेदना जाणवण्यासाठी लागणारी रचनाच नाही. हा वाद कोणत्याही बाजूने सुटला, तरी जैन आचारात काही बदलणार नाही. बेंथमच्या वारसांना मात्र नियम बदलावे लागतील. कायदा म्हणून वेदनेचे माप जास्त वापरण्याजोगे आहे यात शंका नाही. पण डाफ्नियाला डोळा आहे आणि शिंपल्याला नाही, हे ज्या वर्गीकरणाला महत्त्वाचे वाटते, त्याने जलचरांकडे कमी लक्ष दिले असे म्हणता येणार नाही.

धार्मिक आक्षेप कधीकधी उलट दिशेनेही येतो. गंगा स्वभावतः पवित्र आहे, मग तिच्या पाण्याची परीक्षा घेणे हाच अविश्वास, अशी काही भाविकांची भावना असते. वाराणसीच्या संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापकही होते. त्यांनी १९८२ मध्ये संस्था स्थापून गंगेच्या पाण्याची नियमित तपासणी सुरू केली आणि २०१३ मध्ये निधन होईपर्यंत ते गंगास्नानाचे व्रत आणि प्रयोगशाळा या दोहोंना धरून राहिले. पावित्र्य आणि स्वच्छता या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य केले की हा आक्षेप बराचसा विरतो.

जिवंत प्राणी अजिबात न वापरता पेशी आणि जीवाणूंवर चाचणी करणे, हा सध्याचा सर्वांत आशादायक मार्ग. प्रकाशणाऱ्या समुद्री जीवाणूंचा उजेड विषाने मंदावतो, तो मोजण्याची पद्धत जगभर रूढ आहे. ब्रूस एम्स यांची जीवाणूंवरील चाचणी १९७० च्या दशकापासून जनुके बिघडवणारी रसायने हुडकते. माणसाच्या पेशी वापरून पाण्यातली संप्रेरकसदृश रसायने ओळखता येतात. पंचेंद्रियांवरून एकेंद्रियांपर्यंत खाली येणे हे जैन दृष्टीनेही मोठेच पाऊल आहे. परंतु पेशी पेशीपुरतेच सांगते. कॅनडात ओंटारिओच्या प्रायोगिक सरोवर क्षेत्रातील सरोवर क्रमांक २६० मध्ये २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन सोडण्यात आले. मात्रा होती लिटरमागे जेमतेम पाच-सहा नॅनोग्रॅम. नर माशांच्या शरीरात अंड्यातले प्रथिन तयार होऊ लागले, वीण बिघडली आणि फॅटहेड मिनो हा छोटा मासा त्या सरोवरातून जवळजवळ नाहीसा झाला. औषध सोडणे थांबल्यावर काही वर्षांनी तो पुन्हा वाढला.

या प्रयोगात विषाने तडफडून मेलेला मासा दाखवता येत नाही. आहेत ते आपले आयुष्य जगले. जन्मायचे होते ते जन्मले नाहीत. एकेका प्राण्याचे प्राण मोजणाऱ्या हिंसाविचाराला ही हानी नोंदणे जड जाते, कारण ज्याचे प्राण हरण झाले असा कोणी समोर नाही, आणि पुनर्जन्म मानणाऱ्याला तर तो जीव दुसरीकडे जन्मला असे म्हणता येते. भूतयज्ञाच्या विचारात ती निदान मांडता येते, कारण तिथे ऋण एकेका माशाचे नसते, सगळ्या भूतमात्रांचे असते. आणि ९६ तासांनी किती मासे जगले एवढेच पाहणाऱ्या नियमापुढे त्या सरोवराचे पाणी ठेवले, तर ते उत्तीर्ण होईल.